न्यू ऑर्लीन्स
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लुइझियाना राज्यातील शहर व मिसिसिपी नदीवरील बंदर. फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसविलेले हे नगर पुढे स्पेनकडे व १८०३ मध्ये अमेरिकेकडे आले. त्याचे वेगळेपण फ्रेंच वारशात शोधण्याची प्रथा आहे. परंतु तथाकथित फ्रेंच पेठेतील मूळ घरे १७८८ व १७९४ च्या आगींत बव्हंशी जळाली आणि पुनर्रचना स्पॅनिश अमदानीत झाली. वेगळेपणाचे खरे मूळ काँगो चौकात आहे. तेथे आफ्रिकी गुलाम रविवारी बाजार भरवीत व ढोलांच्या तालावर नाचत. असे मेळावे महापौर नेमील तेथेच भरावेत, असा निर्बंध १८१७ मध्ये आला. साउथ कॅरोलायनात मात्र १७४० पासून गुलामांना ढोलच निषिद्ध होता. येथील कृष्णवर्णीयांनी १९०० च्या सुमारास घडविलेल्या जॅझ संगीतात या तालपरंपरेचा अंश उतरला.