माग आमचा, मेळा कुणाचा?



हस्तकला मेळ्यात ‘परंपरा’ विकली जाते. पण वऱ्हाडात जाडेभरडे कापड विणणारे कोण होते? त्यात महार विणकर मोठ्या संख्येने होते. 1869 मध्ये कापूस आयुक्त रिव्हेट-कारनॅक यांनी उघड लिहिले की रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आले, तर कातणारे-विणणारे शेतमजुरीला मोकळे होतील. माग गेला, मजुरी उरली. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना विणकाम खाते बंद! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला.

म्हणूनच अमरावती-अकोल्याच्या मेळ्यात पिशव्या, गोधड्या घेऊन बसलेल्या आपल्या मायबहिणींचा स्टॉल ही कुणाची मेहरबानी नाही. हिसकावलेल्या बाजारावरचा तो हक्क आहे.