क्राफ्ट बिअर महाग का?

अल्प प्रमाणात, निर्मात्याच्या खास पाककृतीने तयार होणारी बिअर म्हणजे क्राफ्ट बिअर. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘डूलाली’ने २००९ मध्ये या व्यवसायाची वाट खुली केली, हे इंग्रजी नाव देवळालीच्या ब्रिटिशकालीन छावणीवरून रूढ झालेले. बिअरसाठी लागणारे हॉप्स बहुतांशी आयात करावे लागतात. उत्पादन थोडे असल्याने भाडे, वेतन व यंत्रसामग्रीचा भार प्रत्येक पेल्यावर अधिक पडतो. ही बिअर सहसा पाश्चरीकृत नसल्याने थंड ठेवून लवकर विकावी लागते. मद्य २०१७ पासून जीएसटीबाहेर असल्याने कच्च्या मालावरील कराची वजावट मिळत नाही. राज्याचे उत्पादन शुल्क व मूल्यवर्धित कर वेगळेच. हा सारा बोजा अखेर ग्राहकाच्याच बिलात उतरतो.