शाळा आणि परीक्षा : एक जुना हिशेब

वांद्रे येथील दोन शाळांची जन्मवर्षे शेजारी मांडून पाहिली, तर आपल्या शिक्षणाच्या इतिहासातील एक मोठे स्थित्यंतर ध्यानात येते. सेंट अँड्र्यूज चर्चच्या आश्रयाची शाळा १७८० सालची समजली जाते. जेझुइट पाद्र्यांची सेंट स्टॅनिस्लॉस ही शाळा १८६३ साली अनाथ मुलांसाठी निघाली. पहिली सुरू झाली तेव्हा मुंबईस विद्यापीठ नव्हते, मॅट्रिक नव्हती, सरकारी शिक्षणखातेही नव्हते. दुसरी निघाली तेव्हा विद्यापीठास सहा वर्षे झाली होती आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षाही होऊन गेली होती. मधल्या ८३ वर्षांत शाळेस एक नवा धनी मिळाला होता. तो म्हणजे परीक्षा.

ही परीक्षा आपल्याकडे केवळ शिक्षणाच्या विचारातून आली नाही. पुष्कळ अंशी ती हिशेबातून आली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांस अनुदान द्यावयाचे ठरविले. पैसा द्यावयाचा, तर त्याचे फळ मोजावयास हवे. इंग्लंडात रॉबर्ट लो ह्यांच्या १८६२ च्या नियमावलीने ह्यावर एक सोपी तोड काढली : वाचन, लेखन व गणित ह्यांत मूल उतरले तर शाळेस ठराविक रक्कम, न उतरल्यास ती कापावयाची. त्याच दशकात ही निकालावर पैसे मोजण्याची पद्धत मुंबई इलाख्यातही आली. वर्षातून एकदा येणाऱ्या साहेबाच्या प्रश्नांवर शाळेचे उत्पन्न अवलंबून राहिल्यावर मास्तरांनी त्या प्रश्नांपुरतेच शिकवावे, ह्यात नवल ते काय? स्वतः शाळा-तपासनीस असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड ह्यांनी आपल्या सरकारी अहवालांतूनच ह्या यांत्रिकपणाविरुद्ध तक्रार केली. पुढे इंग्लंडने ही पद्धत टाकली, आपल्याकडेही ती गेली. परंतु तिने लावलेली सवय मात्र राहिली.

तथापि परीक्षेस केवळ दूषण देणे न्यायाचे होणार नाही. पहिल्याच प्रवेशपरीक्षेतून महादेव गोविंद रानडे पुढे आले. वर्गात ज्यांस इतरांपासून वेगळे बसविले गेले, ते भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक उत्तीर्ण झाले. ज्या समाजात कुळ आणि वशिला पाहूनच दारे उघडत, तेथे सर्वांस एकच प्रश्नपत्रिका मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. परीक्षा काढून टाका, असे सहज म्हणणाऱ्याने त्या जागी पुन्हा वशिला येऊन बसणार नाही, ह्याची हमी प्रथम द्यावी.

दोष आहे तो सर्व शिक्षण त्या एकाच दाराकडे वळविण्यात. महात्मा फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात शेतकऱ्यांच्या मुलांस मोडी-बाळबोध व हिशेबाबरोबरच शेतीची मूलतत्त्वे आणि आरोग्याचे ज्ञान मिळावे, अशी मागणी होती. आयोगानेही माध्यमिक शाळांत दोन वाटा असाव्यात असे सुचविले : एक विद्यापीठाकडे, दुसरी व्यवहाराकडे. पण कॉलेज आणि नोकरी पहिल्या वाटेवर होती. आईबापांनी दुसरीकडे ढुंकूनही पाहिले नाही.

मग खुल्या, सर्जनशील शिक्षणास जागा उरली ती कोठे? वांद्र्याहून माहीमची खाडी ओलांडून दादरला गेले की ह्याचे उत्तर सापडते. मुंबई विद्यापीठाच्याच पदवीधर असलेल्या ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्याकडे गेल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि १९३६ साली त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केले. मूल हातांनी, गाण्यांनी, खेळांनी शिकते, ही माँटेसोरीबाईंची शिकवण त्यांनी येथे रुजविली. १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या आणि पुढे १९५७ साली कोसबाडला. तेथे विदेशी महागड्या साधनांऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तू त्यांनी मुलांच्या हाती दिल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा अनुताई वाघांसह त्यांनी शाळाच वारल्यांच्या अंगणात नेली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर ती कुरणात भरविली. अंगणवाडी हे नाव १९७५ नंतर साऱ्या देशाचे झाले.

एवढे मोठे यश; पण ते प्रामुख्याने परीक्षा सुरू होण्यापूर्वीच्या वयात मिळाले, ही गोष्ट विसरून चालणार नाही. जेथे गुण मोजावयाचे नव्हते तेथे समाजाने मुलाच्या स्वातंत्र्यास मान्यता दिली. इयत्ता सुरू होताच ती काढून घेतली. १९४९ साली मॅट्रिकची जागा एस. एस. सी.ने घेतली, तरी ह्यात फरक पडला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत बोर्डाची परीक्षा नको म्हटले व मुलास नापास करण्यास मनाई केली; २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांस परत दिली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ हे वय खेळातून शिकण्याचे मानले, आणि त्याच धोरणाने तिसरी, पाचवी व आठवीस परीक्षाही सुचविल्या. भिंत थोडी पुढे सरकली, पडली नाही.

ही भिंत कायद्याइतकीच आपल्या घरातही आहे. बालवर्गातील मुलाने काय केले, असे आपण कौतुकाने विचारतो; तेच मूल चौथीत गेले की किती मिळाले, एवढेच विचारतो. परीक्षा ही दारावरची पहारेकरी म्हणून उपयोगी आहे. तिच्या हाती घरच्या किल्ल्या देऊन आपण बाहेर उभे राहिलो आहो, आणि हा हिशेब १८६२ पासून आपण तपासलेला नाही.