बनी तो बनी, नहीं तो परभणी

मंडळी, परभणीचा माणूस कुठेही भेटला की एक वाक्य हमखास ऐकवणार: 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर आपली परभणी आहेच! पुण्यातले माझे मित्र याला मराठवाड्याचा आळस म्हणतात. मला मात्र त्यात अख्खी मानसोपचार पद्धती दिसते. हसू नका, सांगतो.

१९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने फ्रॉइडचा रस्ता सोडला. पेशंटच्या बालपणात वर्षानुवर्षं खोदकाम करत बसण्यापेक्षा तो आज मनाशी काय बोलतोय ते तपासा, असं त्याचं म्हणणं. घटना आणि दुःख यांच्या मधे आपली धारणा बसलेली असते, आणि सगळ्यात घातक धारणा म्हणजे 'झालंच पाहिजे'. 'मला यश मिळावं' ही इच्छा झाली. 'मिळालंच पाहिजे, नाहीतर मी नालायक' हा हट्ट, आणि झोप उडवतो तो हा हट्ट. कल्पना नवी नव्हती. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या एपिक्टेटसचं ऋण एलिस स्वतःच मान्य करायचा, आणि हा एपिक्टेटस एकेकाळचा गुलाम होता बरं का!

मराठीत ही पद्धत 'विवेकनिष्ठ' या नावाने आली. कि. मो. फडके यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ती इथे रुजवली. १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच ही संस्था सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती संतांच्या विचारांशी जोडून लोकांपर्यंत नेली. आता परभणीची म्हण परत वाचा. 'बनी'ची इच्छा आहे, प्रयत्नही आहे, पण नाही बनलं तर जग बुडत नाही. एलिसला आवडली असती.

इथवर सगळं गोड आहे. गोची पुढे आहे.

आमच्या कंपन्यांमध्ये ट्रेनिंगवाले येतात आणि 'विचार बदला, आयुष्य बदलेल' असं सांगून जातात. एसी हॉलमध्ये टाळ्या पडतात. हेच वाक्य पावसाने दगा दिलेल्या सोयाबीनच्या बांधावर उभं राहून बोलून दाखवा! कर्ज ही काही धारणा नाही. ते सातबाऱ्यावर नोंदलेलं असतं.

मग विचार बदलून तिथे होणार काय? माझ्या मते थोडंच, पण ते थोडं जीव वाचवणारं आहे. 'पीक गेलं' हे खरं वाक्य. 'पीक गेलं म्हणजे मी संपलो' हे त्याला चिकटलेलं दुसरं, आणि ते खोटं. पहिल्यावर उपाय बँक, विमा, पाणी आणि सरकार. दुसऱ्यावर उपाय म्हणजे कोणीतरी शेजारी बसून बोलणं.

ते बसणार कोण, हा खरा प्रश्न. मानसोपचारतज्ज्ञ शहरात. म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात परभणीही होती. आशाताईंनी घरोघर जायचं, झोप लागते का, जेवण जातं का, असे साधे प्रश्न विचारायचे आणि गरज दिसली तर पुढे पाठवायचं, अशी रचना. जोडीला १०४ हा फोन.

साध्या माणसाच्या बोलण्याने खरंच फरक पडतो का? याचं चांगलं उत्तर गोव्यातून आलं. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगथ' संस्थेने तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसं होती. सहा ते आठ बैठका, बस्स. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. २०१७ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं.

मजा म्हणजे त्यांचा मुख्य भर विचारांवर वाद घालण्यावर नव्हताच. सोडून दिलेली छोटी कामं परत सुरू करा, माणसांत जा, समोरची अडचण तुकडे करून सोडवा, असा होता. म्हणजे आधी हातपाय हलवायचे, मन मागून येतं. आपल्याकडे घरात कोणी गप्प झालं की म्हाताऱ्या बायका 'चल, शेंगा निवडायला बस' म्हणून ओढून नेतात, त्याच्या जवळचं हे.

आणि शेजारी बसणारं कोणी नसेल, तर २०२२ पासून टेली-मानस आहे: १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. गावाकडच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.