दहा ते चौदा : मधल्या शाळेचा उंबरठा

उन्हाळ्याची सुटी संपते, पहिल्या पावसाने नर्मदेचे पाणी गढुळू लागते आणि जबलपुरातील मराठी घरांतून नव्या इयत्तेच्या वह्या-पुस्तकांची खरेदी सुरू होते. अशा घरातला एखादा मुलगा पाचवी संपवून सहावीत जातो. त्याचे पाढे आजीजवळ मराठीतून पाठ झालेले असतात, बेरीज-वजाबाकी त्याने मराठीतूनच शिकलेली असते. नव्या शाळेचे गणिताचे पुस्तक तो उघडतो, तो तेथे 'भिन्न' हा शब्द भेटतो. त्याच्या मराठीत भिन्न म्हणजे वेगळे. या पुस्तकात मात्र भिन्न म्हणजे अपूर्णांक. 'वजाबाकी'चे 'घटाना' झालेले असते, 'परिमिती'चे 'परिमाप' आणि 'घनफळा'चे 'आयतन'. घरी ज्या 'शिक्षे'ला तो भितो, तीच येथे विद्या होऊन बसलेली असते. लिपी तीच, अक्षरे तीच. म्हणूनच परकेपणा चटकन ध्यानात येत नाही. पहिल्या चाचणीत गुण उतरतात, आणि मुलाचे अभ्यासात लक्ष नाही असा निकाल घरात दिला जातो.

हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो. तो का चुकतो हे समजण्यासाठी, शाळेच्या या मधल्या वर्षांना शंभर-सव्वाशे वर्षे कोणी आपले कसे म्हटले नव्हते, हा इतिहास पालकांनी जाणून घ्यावयास हवा.

जबलपूर आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना आहे. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य जिंकले आणि जबलपूर हे त्यांच्या कारभाराचे ठाणे झाले. १७९८ मध्ये नर्मदाखोरे नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी शहर घेतले. पुढे अलाहाबादकडून येणारा लोहमार्ग १८६७ मध्ये येथे पोहोचला, १८७० मध्ये तो मुंबईकडील मार्गाला जोडला गेला, आणि १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. पूर्वी मराठी माणूस सुभ्याबरोबर आला होता. आता तो रेल्वे, तारायंत्र, कचेरी आणि कारखाना यांच्या मागोमाग आला. येताना त्याने गणपती आणला, दिवाळीचा फराळ आणला, आणि मुलांच्या शाळेची काळजीही आणली.

त्या काळच्या मध्य प्रांतात प्राथमिक शाळा चार वर्गांची असे आणि पाचवीपासून आठवीपर्यंत मिडल शाळा. चौथीनंतर एक उंबरठा होता. बहुसंख्य मुले त्याच्या अलीकडेच थांबत. कारण पलीकडची शाळा दूर असे, फी लागे, आणि हाताशी आलेला मुलगा दुकानात किंवा शेतावर उपयोगी पडे. मुलीच्या बाबतीत तर हा उंबरठा म्हणजे भिंतच होती.

हा उंबरठा कोठे असावा, याविषयी महाराष्ट्रातील थोर पुरुषांचेही एकमत नव्हते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. १९०६ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानभर सक्ती लागू केली, ती मुलांसाठी बाराव्या वर्षापर्यंत. मुलींसाठी मात्र दहाव्याच वर्षापर्यंत. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आपले विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी मागितलेली मर्यादा सहा ते दहा वर्षे एवढीच होती. गोखले व्यवहार जाणणारे होते. सरकार जेवढे देईल असे वाटले तेवढेच त्यांनी मागितले. तरीही १९१२ च्या मार्चमध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

दहा आणि चौदा या दोन आकड्यांमधील अंतर भरून काढण्याचा विचार प्रथम ठामपणे झाला तो वर्ध्याला. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली, आणि झाकिर हुसेन समितीने सात ते चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा आराखडा तयार केला. हे शिक्षण मातृभाषेतून व्हावे, हे त्याचे एक मुख्य सूत्र होते. वर्धा त्या वेळी मध्य प्रांतातच होते आणि जबलपूरही. तेव्हा या विचाराचा जन्म जबलपूरकरांच्या स्वतःच्या प्रांतात झाला असे म्हणता येते. पुढे भारतीय राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने, दहा वर्षांच्या आत चौदाव्या वर्षापर्यंत सर्वांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट राज्यांपुढे ठेवले. ती दहा वर्षे १९६० मध्ये सरली. उद्दिष्ट मात्र दूरच राहिले.

एवढ्यात जबलपूरच्या मराठी मुलापुढे दुसराच प्रश्न उभा राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्यापूर्वीचा मध्य प्रदेश हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचा होता, आणि त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले, आणि राज्याचे उच्च न्यायालय येथे आले. शहर मोठे झाले; परंतु जो मराठी विद्यार्थी ३१ ऑक्टोबरच्या रात्री आपल्या प्रांताच्या दोन भाषांपैकी एक बोलत निजला, तो सकाळी उठला तेव्हा भाषिक अल्पसंख्य झाला होता. त्याने गाव सोडले नव्हते, घर बदलले नव्हते. सीमारेषा तेवढी त्याला ओलांडून गेली होती.

अशा मुलांचा विचार शासनाने केला नव्हता असे नाही. १९४९ च्या ऑगस्टमध्ये प्रांतोप्रांतीच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरवले होते, की एखाद्या शाळेत निराळ्या मातृभाषेची चाळीस मुले किंवा एका वर्गात दहा मुले असतील, तर प्राथमिक टप्प्यावर त्यांच्यासाठी त्या भाषेचा शिक्षक नेमावा. १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने '३५० क' हा अनुच्छेद आला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकण्यात आली. तरतूद मोलाची होती; पण तिच्यातील 'प्राथमिक टप्पा' हे दोन शब्द लक्षात घेतले पाहिजेत. प्राथमिक शाळा संपली की हे छत्र मिटते. एकीकडे सक्तीचा विचार दीर्घकाळ दहाव्या वर्षापाशी अडखळला, दुसरीकडे मातृभाषेचे आश्वासनही तेथेच थांबले. जबलपूरच्या मराठी मुलाच्या वाट्याला हे दोन्ही शेवट एकाच दारात आले, आणि ते दार मिडल शाळेच्या पहिल्या वर्गाचे होते.

यांपैकी पहिली उणीव कायद्याने तरी आता भरून निघाली आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. दुसरी उणीव अर्धीच भरली. शक्य असेल तेथवर शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे, असे हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाविषयी सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने निदान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेचा पुरस्कार केला आहे. परंतु 'शक्य असेल तेथवर' या शब्दांची मर्यादा ज्या गावी आपली भाषा थोड्यांची आहे तेथेच प्रथम जाणवते.

म्हणून सहावीत पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या पालकांनी काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली ही, की या वर्षी शाळेची रचनाच पालटते. प्राथमिक शाळेत बहुधा एकच गुरुजी किंवा बाई मुलाला दिवसभर पाहतात. त्याचे गणित का चुकले आणि त्याला बरे वाटत नाही का, हे दोन्ही त्यांना कळते. वरच्या वर्गांत विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांना निरनिराळे शिक्षक असावेत असे कायदाच सांगतो. विषयांचे ज्ञान त्यामुळे वाढते. पण संपूर्ण मूल पाहणारा एक डोळा शाळेतून कमी होतो. ती जागा घराने भरावयाची असते. कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास, तर वरच्या वर्गांसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन ठरवले आहे. हा वाढीव भार नेमका मुलाच्या शरीराची वाढ झपाट्याने होत असतानाच त्याच्यावर येतो.

दुसरी गोष्ट अंतराची. केंद्राच्या नमुना नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एका किलोमीटरच्या आत, तर सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे धरले आहे. मुलासाठी हा फरक चालण्याचा असतो, मुलीसाठी तो पुष्कळदा शाळा सोडण्याचा ठरतो. बडोद्याच्या कायद्याने मुलींना दहाव्या वर्षी सक्तीतून मोकळे केले, त्याला शतक उलटून गेले. घराने तेच आज पुन्हा करू नये.

तिसरी गोष्ट परीक्षेची. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवी या वर्गांच्या अखेरीस परीक्षा घेण्याची आणि अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली; मात्र त्याआधी, निकालानंतर दोन महिन्यांच्या आत, त्याला फेरपरीक्षेची संधी मिळते आणि ज्यादा शिकवणीची सोयही करावी लागते. ही संधी कृपा नसून हक्क आहे, हे पालकांना ठाऊक असावे.

आणि शेवटची गोष्ट भाषेची. गुण उतरले तर आधी उत्तरपत्रिका पाहावी, मग मुलाकडे पाहावे. तेच उदाहरण मराठीत सांगितले तर तो सोडवतो का? सोडवत असेल, तर बुद्धी शाबूत आहे. अडले आहे ते शब्दांपाशी. अपूर्णांक आणि भिन्न, घनफळ आणि आयतन अशी जोडशब्दांची एक वही घरी केली तर काही आठवड्यांत वाट मोकळी होते. 'पुस्तक' मराठीत नपुंसकलिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी आहे, हे सांगितले तर चूक ही चूक न राहता दोन भाषांतील गमतीचा भेद होतो. मात्र गुण वाढावेत म्हणून घरातली मराठी बंद करणे हा उपाय नव्हे. ज्या भाषेत मूल विचार करू शिकले तिचा आधार काढून घेतला, तर दुसरी भाषा उभी राहण्यास जमीनच उरत नाही.

फुल्यांच्या बारापासून घटनेच्या चौदापर्यंत पोहोचण्यास देशाला जवळजवळ सत्तर वर्षे लागली, आणि त्याचा हक्क होण्यास आणखी अर्धशतक. एवढ्या श्रमाने उघडलेल्या दारातून मूल पहिल्यांदा आत जाते, तेव्हा ते क्षणभर अडखळते. त्या क्षणी त्याचा हात कोणी धरलेला असावा, एवढीच त्याची गरज असते.