प्रश्न नंतर पडतो, नोंद आधी ठरते : जबलपूरचा भूकंप आणि सर्व्हरचा माग

22 मे 1997. पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटे. जबलपूर शहर हादरले. 5.8 तीव्रतेच्या या भूकंपात सुमारे 40 माणसे दगावली आणि हजारो घरांची पडझड झाली. भारताच्या भूकंपांच्या इतिहासात याहून कितीतरी भीषण घटना आहेत. तरीही भूवैज्ञानिक या भूकंपाचे नाव वेगळ्या आदराने घेतात. कारण तो झाला तेव्हा त्याची नोंद घेणारी यंत्रे आधीच जागी होती.

भूकंपमापकाने काढलेल्या रेषेला ‘ट्रेस’ म्हणतात. डेटाबेस सर्व्हर आपल्या कामाचा जो तपशीलवार माग लिहून ठेवतो, त्यालाही ‘ट्रेस’च म्हणतात. हे केवळ शब्दसाम्य नाही. काय नोंदवायचे, किती बारकाईने आणि किती काळ जपायचे, हे प्रश्न दोन्हीकडे तेच आहेत. आणि दोन्हीकडे त्यांची उत्तरे संकट येण्यापूर्वी द्यावी लागतात.

आपल्याकडे मात्र ती बहुधा संकटानंतर दिली गेली. 12 जून 1897 रोजी शिलाँगचा महाभूकंप झाला आणि पुढल्या वर्षी, 1 डिसेंबर 1898 रोजी, कलकत्त्यात अलीपूर येथे देशातले पहिले भूकंपमापन केंद्र सुरू झाले.

कोयनेची गोष्ट थोडी निराळी. 11 डिसेंबर 1967 रोजी, योगायोगाने तेव्हाही पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनीच, कोयनानगरला 6.3 तीव्रतेचा धक्का बसला. धरणाच्या आत बसवलेल्या त्वरणमापकाने गुरुत्वत्वरणाच्या 0.63 पट इतके त्वरण नोंदवले. धरणांच्या अभियांत्रिकीत ही नोंद आजही जगभर वापरली जाते. त्या काळातली अशी यंत्रे एरवी निद्रिस्त असत. जमीन ठरावीक मर्यादेपलीकडे हलली की ती जागी होत आणि फिल्म फिरू लागे. फिल्मची बचत होई, पण यंत्र जागे होईपर्यंतचे पहिले क्षण हातचे जात. पुढे डिजिटल यंत्रांनी यावर तोड काढली. ती सतत मोजत राहतात, शेवटचे काही सेकंद स्मृतीत फिरते ठेवतात आणि धक्का आला की ‘आधीचे’ सेकंदही नोंदीला जोडतात.

मग आले किल्लारी. 1992 च्या उत्तरार्धात त्या परिसराला अनेक लहान धक्के जाणवले होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 6.2 तीव्रतेच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे जमीनदोस्त केली. हजारो लोक झोपेतच मृत्युमुखी पडले. द्वीपकल्पाचा हा भाग स्थिर समजला जाई, त्यामुळे सतत नोंद ठेवणारी आधुनिक डिजिटल केंद्रे तिथे फारच थोडी होती. धक्क्यानंतर शास्त्रज्ञांनी तात्पुरती यंत्रे नेऊन पश्चात्धक्के मोजले. जवळ दाट जाळे असते तर भूकंपाचे भाकीत झाले असते, असे मुळीच नाही; तसे भाकीत आजही करता येत नाही. पण त्या लहान धक्क्यांची जागा आणि खोली अधिक नेमकी कळली असती. जे नोंदवलेच गेले नाही, ते मागाहून कोणत्याही हुशारीने परत मिळवता येत नाही.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने भारतीय हवामान खात्याने द्वीपकल्पातील दहा केंद्रे अद्ययावत केली. तिथे विस्तृत वारंवारितापट्ट्याचे डिजिटल भूकंपमापक बसले आणि त्यांची घड्याळे उपग्रहाच्या वेळेशी जुळवली गेली. हे काम होते न होते तोच जबलपूर हादरले.

या नोंदींनी काय दिले? भूकंपकेंद्रातून काही लहरी थेट दूरच्या यंत्राकडे जातात. काही आधी वर जाऊन भूपृष्ठावर आपटतात आणि मग यंत्राकडे वळतात. दोहोंतला उशीर खोलीबरोबर वाढतो. 5 किलोमीटर खोलीला तो दीड-दोन सेकंदांचा, तर 35 किलोमीटरला सुमारे 10 सेकंदांचा असतो. घड्याळ अचूक असेल आणि लहरीचा आकार शाबूत असेल, तरच हा फरक वाचता येतो. जबलपूरच्या भूकंपाची खोली सुमारे 35 किलोमीटर निघाली, म्हणजे तो कवचाच्या तळाजवळ झाला होता. किल्लारीचा भूकंप 10 किलोमीटरच्याही आत, उथळ होता. इतक्या खोलवर खडक तापून मऊ होतात आणि तुटण्याऐवजी वाकतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नर्मदा-सोन पट्ट्याखाली मात्र ते अजून ठिसूळ आहेत, हे त्या ट्रेसमुळे उघड झाले.

आता डेटाबेस सर्व्हरकडे वळू. रुग्णालयाची नोंदणी, विद्यापीठाचे निकाल, रेल्वेचे आरक्षण या सगळ्यांच्या मागे असा सर्व्हर उभा असतो. तो मध्यरात्री दोन मिनिटे अडखळला आणि आपोआप सावरला, तर सकाळी विचारणार कोणाला? नोंदवहीला. पण तिच्यात काय असेल, हे कोणीतरी कितीतरी आधी ठरवलेले असते.

पोस्टग्रेस हा लोकप्रिय मुक्त डेटाबेस घ्या. त्यात ‘लॉग मिन ड्युरेशन स्टेटमेंट’ नावाची मर्यादा आहे. मूळ स्थितीत ती उणे 1, म्हणजे बंद असते. शून्य केली तर प्रत्येक आज्ञा आणि तिला लागलेला वेळ लिहिला जातो. 500 ठेवली तर अर्ध्या सेकंदाहून रेंगाळलेल्या आज्ञाच उतरतात. हा कोयनेच्या त्वरणमापकाचाच न्याय. त्याची उणीवही तीच : मर्यादेखालचे काही दिसत नाही. 2 मिलिसेकंदांची आज्ञा तासाला दहा लाख वेळा धावत असेल, तर सर्व्हर तिच्याखाली दबेल, पण नोंदवहीत तिचे नावही नसेल. त्यासाठी आज्ञांची संख्या आणि एकूण वेळ मोजणारे निराळे साधन सुरू ठेवावे लागते.

मग सगळेच का नोंदवू नये? साधा हिशेब करा. तीन दिशांची गती सेकंदाला 20 वेळा मोजली, तर एका केंद्रावर दिवसाला 51,84,000 आकडे जमतात. 100 वेळा मोजली तर पाचपट. सर्व्हरवर डीबगची सर्वांत खोल पातळी लावली, तर नोंद लिहिण्याचे कामच मूळ कामाला जड होते, डिस्क भरते आणि ती पूर्ण भरली तर सर्व्हरच थांबू शकतो. शिवाय आज्ञांबरोबर रुग्णांची नावे आणि खाते क्रमांकही नोंदवहीत उतरतात. ती वही मग तिजोरीइतकीच जपावी लागते.

मधला मार्ग भूकंपशास्त्रानेच दाखवला : हलकी नोंद अखंड, बारीक नोंद प्रसंगापुरती. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने 2005 पासून असाच एक हलका ट्रेस मुळातच चालू ठेवला. 20 मेगाबाइटच्या पाच फायली भरत जातात आणि जुनी पुसून नवी येते. पोस्टग्रेसमध्ये कुलपासाठी ताटकळलेल्या व्यवहारांची नोंद, संथ आज्ञांची अंमलबजावणी-योजना आणि ठरावीक प्रमाणात नमुने घेण्याची सोय, हे पर्याय याच जातीचे. सर्वांत दुर्लक्षित बाब घड्याळाची. डेटाबेस आणि त्याला विचारणारा प्रोग्राम यांच्या घड्याळांत चार सेकंदांचा फरक असेल, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता, हेच ठरवता येत नाही.

विद्यार्थ्यांनी आपला पहिला सर्व्हर उभा करताना, किंवा प्रयोगशाळेतले कोणतेही यंत्र लावताना, स्वतःला एक प्रश्न विचारावा : आज रात्री हे बिघडले, तर सकाळी मला कोणती रेषा पाहावीशी वाटेल? ती रेषा आजच उमटू लागली पाहिजे. अलीपूरचे केंद्र शिलाँगनंतर आले, द्वीपकल्पातील नवी केंद्रे किल्लारीनंतर. जबलपूरच्या वेळी नोंद आधीपासून चालू होती, आणि म्हणूनच पायाखाली 35 किलोमीटरवर काय तुटले, हे सांगता आले.