शॅल की विल? एका गणितज्ञाचा नियम

आजचा विषय इंग्रजी व्याकरणाचा, पण गोष्ट इतिहासाची आहे. 'आय' आणि 'वुई'पुढे 'शॅल', बाकीच्यांपुढे 'विल', हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत पाठ केलंय. हा नियम आला कुठून?

मुळात जुन्या इंग्रजीत क्रियापदाची काळ दाखवणारी रूपं दोनच होती, वर्तमान आणि भूत. उद्याचं सांगायलाही वर्तमानाचंच रूप चालायचं. मराठीत 'करीन', 'करेल' अशी भविष्यकाळाची रूपं क्रियापदातच तयार होतात. इंग्रजीत ती सोय आजही नाही. मग दोन शब्द मदतीला आले. 'विल'चा मूळ अर्थ इच्छा असणे, 'शॅल'चा देणं लागणे. म्हणजे इंग्रजांचा भविष्यकाळ इच्छेतून आणि कर्तव्यातून उभा राहिला!

१६५३ साली जॉन वॉलिस यांनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. हे गृहस्थ ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक. यादवी युद्धात त्यांनी राजाच्या बाजूची सांकेतिक पत्रं उलगडली होती. १६५५ मध्ये अनंताचं आडव्या आठासारखं चिन्हही त्यांनीच आणलं. त्यांचा नियम असा: 'आय शॅल' म्हणजे नुसतं भाकीत, 'आय विल' म्हणजे वचन किंवा धमकी. 'तू' किंवा 'तो' आला की नेमकं उलट. आणि हे त्यांनी लिहिलं परकीयांसाठी, कारण बाहेरच्यांना हा फरक कळणं अवघड जातं म्हणून.

पुढे लिंडली मरे यांच्या १७९५ च्या व्याकरणासारख्या पाठ्यपुस्तकांतून तो इंग्रज मुलांनाही शिकवला गेला. मग त्यावरून माणसं जोखणं सुरू झालं. बुडणारा परका माणूस ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी'. नियमाप्रमाणे अर्थ होतो, 'मी बुडणारच, खबरदार कुणी वाचवलंत तर'. आयरिश आणि स्कॉटिश लोकांच्या नावावर हा विनोद खूप खपला. पण १९२५ मध्ये चार्ल्स फ्राइज या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने इंग्रजी नाटकं तपासली, तर तिथे 'आय'पुढेही 'विल'च जास्त!

मग हा सगळा काथ्याकूट कशाला? कारण कायद्यात 'शॅल' अजून जिवंत आहे. आपल्या राज्यघटनेचं कलम ३२० सांगतं की सरकारी नोकरांच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा, आणि तिथे शब्द 'शॅल' आहे. १९५७ मध्ये एका सरकारी नोकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की इथला 'शॅल' बंधनकारक नाही. एका सहायक क्रियापदावर माणसाची नोकरी टांगलेली होती.

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढलाय. इंटरनेटच्या मानकांसाठी मार्च १९९७ मध्ये आरएफसी २११९ आला. त्यात 'मस्ट' आणि 'शॅल' यांचा अर्थ एकच, करायलाच हवं. 'विल' त्या यादीतच नाही. मी रोज रिक्वायरमेंट वाचतो, तेव्हा 'द सिस्टिम विल' दिसलं की आधी विचारतो: हे वचन आहे की अंदाज? कारण वचन असेल तर ते टेस्ट करावं लागतं.

तुम्हीही करारावर सही करण्याआधी हा एक प्रश्न विचाराच. भेटू पुढच्या भागात!